बसस्थानकाची प्रवासी-क्षमता : मोजणी कोणाची?



एखाद्या शहरात नवे बसस्थानक बांधावयाचे ठरले की पहिली चर्चा सुरू होते ती इमारतीची. मजले किती, फलाट किती, दुकानगाळे किती आणि खर्च किती. हे प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांच्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. गर्दीच्या एका तासात त्या स्थानकातून किती माणसे सुखरूप मार्गी लागू शकतील, आणि ती माणसे कोण आहेत? आदिलाबादसारख्या सीमावर्ती जिल्ह्यात हा प्रश्न टाळताच येत नाही. मुदखेडहून आलेली रेल्वे आदिलाबाद शहरापर्यंत पोचते. पण उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर, बोथ या बाजूच्या गावांत लोहमार्ग नाही. तेथील विद्यार्थी, रुग्ण, कापूस उत्पादक आणि कचेरीत खेटे घालणारा शेतमजूर या सर्वांची मदार बसगाडीवरच आहे.

या प्रदेशातील सरकारी बसवाहतुकीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वे खात्याची एक शाखा म्हणून ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यापाशी २७ बसगाड्या व १६६ कर्मचारी होते. हैदराबादेत गौलीगुडा येथे विमाने ठेवण्याजोगी एक विस्तीर्ण लोखंडी शेड होती. तिच्यातच पुढे शहराचे मध्यवर्ती बसस्थानक नांदले. गाड्या वाढल्या, प्रवासी वाढले आणि ती प्रशस्त वाटणारी जागाही अपुरी पडली. १९९४ साली मुसी नदीच्या पात्रालगत इमलीबन येथे महात्मा गांधी बसस्थानक उभे राहिले. गौलीगुड्याची जुनी शेड ५ जुलै २०१८ रोजी कोसळली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. इमलीबनलाही निसर्गाने एक धडा दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये मुसीला पूर आला, स्थानकात पाणी शिरले आणि प्रवासी अडकून पडले. तात्पर्य असे की, जागा निवडताना क्षेत्रफळाबरोबरच पाण्याची वाटही पाहावी लागते.

आता क्षमतेचा हिशेब पाहू. तो शाळेतील मुलालाही समजण्याजोगा आहे. गाडी फलाटाला लागल्यापासून निघेपर्यंत १५ मिनिटे जात असतील, तर एका फलाटावरून तासाला ४ गाड्या सुटतात. १० फलाट असतील तर ४० गाड्या, आणि प्रत्येकीत ५० आसने धरली तर तासाला २,००० आसने उपलब्ध होतात. परंतु त्याच फलाटावर उतरणारे व चढणारे एकमेकांस अडवू लागले, सामान वर चढविण्यास वेळ लागला आणि १५ मिनिटांची २० मिनिटे झाली, तर तासाला एका फलाटावरून ३ गाड्याच निघतात. २,००० आसनांची १,५०० होतात. एकही वीट न हलता स्थानक चतुर्थांशाने लहान होते! म्हणूनच उतरण्याची जागा वेगळी ठेवणे, गाड्यांस आत येण्याचा व बाहेर जाण्याचा मार्ग स्वतंत्र असणे आणि रात्री मुक्कामी राहणाऱ्या गाड्या फलाटाऐवजी आगारात उभ्या करणे, या गोष्टी नव्या मजल्यापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात.

प्रतीक्षेचा हिशेबही असाच आहे. तासाला २,००० प्रवासी निघत असतील आणि प्रत्येकास सरासरी अर्धा तास थांबावे लागत असेल, तर कोणत्याही क्षणी स्थानकात १,००० माणसे असतात. थांबण्याचा काळ एक तास झाला तर २,०००. ज्या गावाला दिवसातून दोनच गाड्या जातात, तेथील प्रवासी याहूनही अधिक काळ बसून असतो. म्हणजे बाक, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृहे यांची सर्वाधिक गरज लांब पल्ल्याच्या आरामगाडीच्या प्रवाशाला नसून आडगावच्या प्रवाशाला असते. आणि योजनेच्या आराखड्यात बहुधा त्याच्याच वाट्याला कोपऱ्यातील फलाट येतो.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणा राज्यात महालक्ष्मी योजनेखाली महिलांना पल्ले वेलुगु व एक्सप्रेस गाड्यांतून राज्याच्या हद्दीत मोफत प्रवासाची सोय झाली. पैनगंगेच्या पुलापलीकडे पांढरकवड्यास जाणाऱ्या भगिनीला सीमेपर्यंत पैसे पडत नाहीत, तेथून पुढचे भाडे द्यावे लागते. या योजनेने गावोगावच्या स्त्रिया अधिक संख्येने प्रवासास निघाल्या. वाहक त्यांना शून्य रकमेचे तिकीट देतो, त्यामुळे त्यांची गणना होते. ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि तिकीट त्यालाच मिळते जो गाडीत चढतो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या रेट्यात कडेवर मूल असलेली जी स्त्री मागे राहते, भरलेली गाडी थांब्यावर न थांबता गेल्याने ज्या विद्यार्थिनीचा पहिला तास बुडतो, त्यांची नोंद कोणत्याही तिकीटयंत्रात नसते. केवळ विकलेल्या तिकिटांवर आधारलेली योजना ही जागा मिळालेल्यांची योजना होते. जागा न मिळालेले तिच्याबाहेरच राहतात.

हीच गोष्ट स्थानकाच्या जागेची. महामार्गालगत जमीन मोकळी मिळते व हैदराबाद-नागपूर गाड्यांचा वेळ वाचतो, हे खरे. पण बाजार, रुग्णालय, महाविद्यालय व कचेऱ्या शहरात असताना स्थानक बाहेर गेले, तर खेड्यातल्या माणसाला रिक्षाचे भाडे वेगळे मोजावे लागते. ज्या भगिनीचा बसप्रवास मोफत झाला, तिला शेवटचे दोन-तीन किलोमीटरच महाग पडावेत, हे योजनेच्या हेतूशी विसंगत ठरेल. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी महामार्गावर थांबा आणि ग्रामीण गाड्यांसाठी शहराच्या मध्यभागी स्थानक, अशी विभागणी करणे अशक्य नाही.

मात्र वर्षातील चार दिवसांच्या गर्दीसाठी कायमची इमारत वाढविणेही शहाणपणाचे नाही. पौष अमावास्येला केसलापूर येथे मेस्राम कुळाच्या नागोबाची जत्रा भरते, तेव्हा दूरदूरहून गोंड बांधव येतात. अशा प्रसंगासाठी स्थानकालगत मोकळे मैदान राखून ठेवावे, आणि एरवी त्यावर दुकाने उठू देऊ नयेत. त्याचप्रमाणे २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्मल, मंचेरियाल व आसिफाबाद ही नवी जिल्हाठाणी झाली. लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटा त्यामुळे बदलल्या. म्हणून जुन्या मोजणीवर नवे स्थानक उभारता येणार नाही.

फलकांचाही विचार व्हावा. तेलुगू, उर्दू, मराठी, गोंडी व बंजारा बोलणारे लोक ज्या स्थानकात एकत्र येतात, तेथे गाडीचे नाव वाचता न आल्याने माणूस चुकीच्या फलाटावर उभा राहतो. अनेक लिप्यांतील फलक, गाडीचा ठळक क्रमांक आणि स्पष्ट उद्घोषणा यांनी गर्दी जितकी कमी होते, तितकी ती शिपाई उभा करून होत नाही.

या कामात प्रत्येकाचा वाटा आहे. शिक्षकांनी आठवडाभर एक साधी वही ठेवावी: किती विद्यार्थी बसने येतात, किती वाजता पोचतात आणि गाडी न मिळाल्याने किती उशिरा येतात. सरपंचांनी बाजारच्या दिवशी गावच्या थांब्यावर किती माणसे मागे राहिली ते टिपावे. अधिकाऱ्यांनी सकाळी व सायंकाळी फलाटावर उभे राहून स्वतः मोजणी करावी, आणि गावागावांतून आलेल्या या नोंदी आराखड्यास जोडाव्यात. इमारतीचा नकाशा अभियंता काढील. पण गर्दीचा खरा नकाशा गावकऱ्यांपाशीच आहे. शेवटची गाडी निघून गेल्यावर फलाटावर किती माणसे उरली, यावरूनच स्थानकाची क्षमता ठरते. ती संख्या शून्यावर आणणे, हेच नव्या बसस्थानकाच्या योजनेचे खरे उद्दिष्ट असले पाहिजे.