छापा पडल्यानंतर काय?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर छापा घातला आणि मेफेड्रोनचा, म्हणजे 'एमडी'चा, शेकडो किलोंचा साठा पकडला. कारवाई मोठीच होती, पोलिसांचं श्रेय कमी करायचं काही कारण नाही. पण अफूचं पीक निदान शेतात दिसतं, उपटून टाकता येतं. एमडी रसायनांपासून बनतं. एक भट्टी विझली तर दुसरी पेटायला पावसाळा-हिवाळा लागत नाही. म्हणून पुरवठ्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, लक्ष गिऱ्हाइकाकडे द्यायला हवं. एखाद्या मुलाने नाकाने ओढलेली पूड थोड्याच वेळात उतरते आणि हात पुन्हा पुडीकडे जातो. रात्र रात्र झोप नाही, जबडा आवळलेला, छातीत धडधड. मग एक-दोन दिवस अंथरुणात, कशातच मन नाही. घरच्यांना वाटतं, परीक्षेचं जागरण!

या मुलाचं करायचं काय? आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे 'आत टाका'. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सेवनाला शिक्षा आहेच. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की अल्प प्रमाणात माल सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवू नये. ही वाट वकिलांना ठाऊक असते, आईबापांना क्वचितच. यावर कुणी म्हणेल, अशाने पोरं सोकावतील. पण हे संरक्षण फुकट नाही, उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, आणि विकणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. उलट तुरुंगात काय होतं पाहा. गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढणाऱ्याच्या शरीराची सवय आत असताना मोडते, तलफ मात्र तशीच राहते. सुटल्यावर तो पूर्वीइतकाच डोस घेतो आणि तोच जिवावर बेततो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: व्यसनमुक्ती केंद्रातून आलेले पुन्हा पितात, पुन्हा ओढतात. खरं आहे. गर्दसाठी आहे तसं बदली औषधही एमडीला नाही. तिथे समुपदेशन, घरच्यांची साथ आणि चिकाटी यांवरच भिस्त. पण मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण दवाखान्याला टाळं लावत नाही. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रात परत आलेल्यालाही घेतात, ते याच जाणिवेने. शिवाय उपचार पोचतात तरी किती जणांपर्यंत? केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळाल्याचं आढळलं. ही उघड दुकानात मिळणाऱ्या दारूची गत. पोलिसांच्या धाकाने लपून ओढणारा डॉक्टरांच्या दारात कसा यावा? व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १४४४६. मुलगा तयार होईपर्यंत थांबू नका, फोन घरच्यांनीही करावा.