अर्थासह तिलावत
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभातील भाषण)



आजच्या समारंभाचा प्रारंभ पाचवीतल्या एका मुलीच्या किरतने झाला. तिचे उच्चार शुद्ध होते, आवाज गोड होता आणि सारे सभागृह स्तब्ध होऊन ऐकत होते. बक्षीस देताना मी तिला हळूच विचारले, "बेटी, तू जे म्हटलेस त्याचा अर्थ काय?" ती जराही न घाबरता म्हणाली, "ते अजून शिकवलं नाही, सर."

उत्तर प्रामाणिक होते. पण ते तिचे एकटीचे नव्हते, आपल्या सर्वांचे होते. म्हणून आज मी ठरवून आणलेला विषय बाजूला ठेवतो आणि याच उत्तरावर चार शब्द बोलतो.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. पाच वक्तांच्या नमाजमध्ये फर्ज रकाती 17. प्रत्येक रकातीत सूरह फातिहा येते. म्हणजे नियमाने नमाज पढणारा माणूस सुन्नत आणि नफ्ल सोडूनही वर्षाला सहा हजारांहून अधिक वेळा फातिहा पढतो. चाळीस वर्षांत हा आकडा अडीच लाखांच्या घरात जातो. या सूरहच्या आयती 7 आणि बिस्मिल्लाह धरून शब्द अवघे 29. त्यांतही 'मालिक' हा शब्द आपण रोज मराठीत 'मालक' म्हणून वापरतो. 'रहमान' आणि 'रहीम' ही तर आपल्या शेजारीपाजारी असणाऱ्या माणसांची नावे आहेत. एवढे सगळे जवळ असताना अडीच लाख वेळा उच्चारलेल्या सात आयतींचा अर्थ आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हात वर करायला मी सांगत नाही. प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्यावे.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या आईचे शिक्षण मकतबापुरते झाले होते. ती दर रमजानमध्ये तीसही पारे पूर्ण करी. पहाटे सहरीनंतर चुलीजवळ बसून ती पढत असे आणि त्या आवाजाने आम्हा भावंडांना जाग येई. 1971 साली माझे आजोबा वारले. मागे घर आणि थोडी बागायत होती. वारस तिघे, दोन मामा आणि माझी आई. वर्ष सरायच्या आत हक्कसोडपत्र तयार झाले. आईला मराठी वाचता येत नव्हते, म्हणून कागद मीच तिला वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले आणि अंगठा उठवला. कुरआन शरीफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या बाईने मराठी कागदावर अंगठा उठवला, यात मला त्या वेळी काहीच वावगे वाटले नाही.

पुढे नोकरीत असताना मी प्रथमच कुरआनचे भाषांतर वाचायला घेतले. चौथ्या पाऱ्यात सूरह निसा सुरू होते. तिथे वारसांचे हिस्से अपूर्णांकांसह सांगितलेले आहेत. मुलाला दोन हिस्से तर मुलीला एक. आमच्या घरच्या हिशेबाने पाच हिश्श्यांतला एक हिस्सा आईचा होता. मी घरी जाऊन तिला ती आयत आणि तिचा अर्थ वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग एवढेच म्हणाली, "हे मी दर रमजानला पढत होते?"

बंधुभगिनींनो, मामांना मी दोष देत नाही. तेही तेच पारे पढत होते आणि त्यांनाही अर्थ ठाऊक नव्हता. आपला हिस्सा कुणी जाणूनबुजून, राजीखुशीने भावाला दिला तर ते दान आहे आणि त्याचे पुण्य आहे. पण जे आपले आहे हेच ठाऊक नसताना ते सोडणे, याला दान म्हणता येत नाही. आईच्या एका बाजूला न समजणारी अरबी होती आणि दुसऱ्या बाजूला वाचता न येणारी मराठी. या दोहोंच्या मध्ये तिचा हक्क हरवला.

हे एकच उदाहरण नाही. कुरआनमधली सर्वांत लांब आयत कोणती? सूरह बकरामधली 282 वी. ती उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार घेण्याबद्दल आहे. तरीही तोंडी व्यवहारावरून सख्ख्या भावांत अबोला आलेली घरे आपण पाहतो. शेवटच्या पाऱ्यात, जो मुलांना आधी शिकवला जातो, मापात कमी देणाऱ्यांना कडक इशारा देणारी सूरह मुतफ्फिफीन आहे. ती तोंडपाठ म्हणणाऱ्या दुकानदाराला आपल्या तराजूची आठवण व्हावी, हाच तिचा हेतू नव्हे काय?

यावर एक आक्षेप घेतला जाईल. हे गृहस्थ नमाज मराठीत करायला सांगत आहेत काय? मुळीच नाही. अरबी तिलावत ही आपली ठेव आहे. कोकणातला खलाशी बसऱ्याच्या मशिदीत उभा राहिला तरी इमामाची किरत त्याला परकी वाटत नाही, हे थोडे भाग्य नव्हे. शिवाय सक्तीने काय होते हेही जगाने पाहिले आहे. तुर्कस्तानात 1932 पासून अजान तुर्की भाषेत देण्याची सक्ती झाली. 1950 साली बंदी उठताच लोकांनी पुन्हा अरबी अजान सुरू केली. तेव्हा मूळ शब्द आहे तिथेच राहू द्यावा. माझे म्हणणे एवढेच की त्याच्या शेजारी अर्थाला जागा द्यावी.

अर्थाची ही मागणी काही नवी नाही. कुरआन अरबीत का उतरला याचे कारण सूरह यूसुफच्या आरंभी दिले आहे. ऐकणाऱ्यांना समजावे, हेच ते कारण. प्रत्येक पैगंबर आपापल्या लोकांच्या भाषेतच बोलला, असे सूरह इब्राहीम सांगते. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी त्या काळच्या सुशिक्षितांसाठी कुरआनचे फारसी भाषांतर केले. पुढे फारसी मागे पडू लागली तेव्हा त्यांच्याच मुलांनी, शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी, ते उर्दूत आणले. बाप ज्या भाषेत थांबला तिथे मुले थांबली नाहीत. लोकांची भाषा बदलली तशी त्यांनी भाषांतराची भाषा बदलली. इंग्रजी भाषांतर करणारे अब्दुल्लाह यूसुफ अली तर 1872 साली आपल्याच देशात जन्मले.

आपल्या भूमीचीही हीच परंपरा आहे. संस्कृतातली गीता 1290 साली ज्ञानेश्वरांनी मराठीत सांगितली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आपले आध्यात्मिक चिंतन मराठीतच लिहिले. मराठीत अध्यात्म बोलणारा मुसलमान या मातीला नवा नाही.

आमच्या मकतबांत काही ठिकाणी अर्थ सांगतात, नाही असे नाही. पण तो उर्दूतून सांगतात. जिथे घरी उर्दू बोलतात तिथे ते योग्यच आहे. परंतु ज्या मुलाच्या घरी मराठी किंवा कोकणी बोलली जाते, जे शाळेत मराठीतून शिकते, त्याला एका परक्या भाषेचा अर्थ दुसऱ्या परक्या भाषेतून मिळतो. मूल ज्या भाषेत आईशी भांडते, त्या भाषेत अर्थ सांगितला तरच तो त्याच्या मनाला भिडेल. मराठीत कुरआनची संपूर्ण भाषांतरे छापलेली आहेत. ती कपाटात आहेत, वर्गात नाहीत.

भाषांतर म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे, हे मला मान्य आहे. 'तकवा' या एका शब्दासाठी कोणी भय म्हणेल, कोणी संयम, कोणी भक्ती. म्हणूनच मूल एकटे न वाचता जाणत्या शिक्षकापाशी बसून वाचील, तर बरे. मतभेद होतील म्हणून अर्थच न सांगणे, हा काही त्यावरचा उपाय नाही.

संस्थेच्या चालकांना माझी नम्र सूचना आहे. मुलाने जी सूरह पाठ केली तिचा अर्थ मौलवी साहेबांनी त्याच्या वहीत मराठीत लिहून द्यावा. प्रारंभ फातिहापासून करावा. रोज एक आयत घेतली तर सहा हजारांवर आयती पुऱ्या व्हायला सुमारे सतरा वर्षे लागतील. सहाव्या वर्षी सुरुवात करणारी मुलगी तेविसाव्या वर्षी पूर्ण कुरआन अर्थासह वाचून झालेली असेल. त्यानंतर तिच्यापुढे कोणी कागद ठेवला, तर ती सही करायची की नाही हे तिचे ती ठरवील.

पुढच्या वर्षापासून किरत स्पर्धेबरोबर अर्थ सांगण्याची स्पर्धा घ्यावी. तिचे पहिले बक्षीस माझ्या आईच्या नावाने द्यावे, त्याचा खर्च मी करीन. आज ज्या मुलीने मला ते उत्तर दिले तिने या स्पर्धेत अवश्य भाग घ्यावा, अशी मी तिला विनंती करतो.