मीटर काय काय सांगतो?

जुन्या मीटरचा आकडा महिन्यातून एकदा टिपला जायचा आणि वीज किती जळली, एवढंच कळायचं. स्मार्ट मीटर मात्र दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर नोंदवतो. गिझर, फ्रिज, पाण्याचा पंप, प्रत्येकाची वीज ओढण्याची तऱ्हा निराळी. एकूण वापरातून ही उपकरणं ओळखण्याची पद्धत 1980च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी विकसित केली. तिचा वापर पाळतीसाठी होऊ शकतो, हा इशारा 1989 मध्ये दिला तोही हार्ट यांनीच. असा प्रामाणिकपणा विरळाच!

पंधरा मिनिटांच्या नोंदीतून मिक्सर कधी फिरला ते कळणार नाही. पण घर कधी उठतं, कधी निजतं, दिवाळीत आठवडाभर कुलूप होतं का, हे सहज कळतं. चोराला आणखी काय हवं? 2011 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी तर दर दोन सेकंदांच्या नोंदींवरून, अनुकूल परिस्थितीत, टीव्हीवर कोणता चित्रपट चालू आहे तेही ओळखून दाखवलं.

नेदरलँड्समध्ये 2009 साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं स्मार्ट मीटरची सक्ती खासगीपणाच्या मुद्द्यावर रोखली. अमेरिकेतल्या नेपरव्हिल शहराच्या स्मार्ट मीटरवरच्या खटल्यात 2018 मध्ये न्यायालयानं म्हटलं, अशा नोंदी घेणं ही घराची झडतीच. मात्र पोलिसी हेतू नसेल तर ती वाजवी.

आपल्याकडे स्मार्ट मीटरवरून वाद रंगतो तो बिलाचा. नोंदी किती काळ ठेवणार, कोणाला दाखवणार, हे फारसं कुणी विचारत नाही.