एका हंगामाचा 'भारत'

(सणसर येथील जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळी कापसाच्या भावाची चर्चा झाली, ज्वारीच्या खरेदीचे रडगाणेही गाऊन झाले. जेवणानंतर आम्ही फुटबॉलवर बोलणार असे फळ्यावर लिहिलेले पाहून मागच्या रांगेतली काही मंडळी तंबाखू मळत उठली. त्यांनी बसून घ्यावे. ज्या क्लबची हकीकत सांगायची आहे त्याचे नावच 'भारत' होते. इंडिया कोण आणि भारत कोण हे या मांडवात कोणाला शिकवायला नको. हा 'भारत' कोणत्या बाजूचा, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

२०१४ च्या अखेरीस पुण्यातल्या कल्याणी उद्योगसमूहाने 'भारत एफसी' नावाचा फुटबॉल क्लब काढला. मैदान बालेवाडीचे, प्रशिक्षक इंग्लंडचा, खेळाडू ठिकठिकाणाहून जमवलेले. 'आय-लीग' या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत शिरायचे तर एरवी खालच्या गटात खेळून, जिंकून वर चढावे लागे. भारत एफसीला त्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत. उद्योगांचा पैसा फुटबॉलमध्ये यावा म्हणून महासंघाने त्याला थेट प्रवेश दिला. वर आणखी सवलत अशी की, हा नवा संघ तळाला गेला तरी त्याला खाली उतरवायचे नाही.

त्या हंगामात अकरा संघ होते. प्रत्येकाचे वीस सामने. भारत एफसी अकरावा आला. तळाच्या संघाने खाली जायचे हा नियम. पण तळाला अभय होते, म्हणून दहावा आलेला गोव्याचा डेम्पो क्लब खाली गेला. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला क्लब! कारखाना आजारी पडला की कर्जाची पुनर्रचना आणि शेतकरी थकला की दारात जप्ती, त्यातलाच हा न्याय. बरे, ज्याच्यासाठी डेम्पोला खाली ढकलले तो पुढच्या हंगामाला उभा तरी राहावा? तोही राहिला नाही. एका हंगामात भारत एफसीने गाशा गुंडाळला.

तो एकटा गेला असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. २००७ मध्ये निघालेला पुणे एफसी खालच्या गटातून वर चढलेला चांगला संघ होता, २०१२-१३ ला देशात दुसरा आला होता. त्यानेही २०१५ मध्येच आय-लीग सोडली. डीएसके शिवाजियन्स आला, दोन हंगाम खेळला, २०१७ ला गेला. सिनेनटांना भागीदार करून एफसी पुणे सिटी निघाला, तो २०१९ मध्ये मिटला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. बारा वर्षांत पुण्यात चार मोठे क्लब उभे राहिले आणि चारही गेले. पोरे वाईट खेळली म्हणून हे झाले म्हणावे, तर देशात दुसरा आलेला संघ का गेला?

त्याचे उत्तर जमाखर्चात आहे. खेळाडूंचे पगार, हॉटेले, शिलाँगपर्यंतचा प्रवास हा खर्च ठरलेला. तिकिटांतून तो निघणे शक्य नव्हते. म्हणजे क्लब चालायचा तो मालकाच्या खिशातून, आणि मालकाच्या वहीत तो जाहिरातीच्या खात्याला पडायचा. जाहिरातीचा खर्च कधी कापायचा हे मालक ठरवतो. त्यासाठी खेळाडूला किंवा प्रेक्षकाला विचारत नाही. कापूस पिकवणाऱ्यांनी तर हे जवळून ओळखावे. पंजाबात फगवाड्याला जेसीटीचा क्लब होता. जेसीटी म्हणजे जगतजीत कॉटन टेक्स्टाइल मिल्स. देशातली पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग, १९९६-९७ ची, या कापडगिरणीच्या पोरांनी जिंकली. २०११ मध्ये गिरणीने क्लब बंद केला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला होता. तोही देशाचा विजेता राहिलेला.

आता तुम्ही म्हणाल, आमचा चेंडूशी काय संबंध? तर जरा नारायणगावला चला. आपल्याच जिल्ह्यातले गाव, तमाशाची पंढरी. १९८० च्या दशकात तिथे शाम्पेनसारखी फसफसणारी वाइन तयार होऊ लागली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशात गेली. द्राक्षाच्या बागा लागल्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्कच्या घोषणा झाल्या, आणि शेतकऱ्याला सांगण्यात आले की वाइनची द्राक्षे लाव, कंपनी करार करते आहे. पुढे नारायणगावची ती इंडेज कंपनी कर्जात बुडाली. शेतकऱ्यांच्या मालाचे पैसे थकले.

यातली खरी मेख समजून घ्या. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे असते. ते हातगाडीवर विकत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, वाइनरी. आणि बाग ही वर्षाची पेरणी नव्हे. मांडव, तारा, ठिबक असा पैसा आधी जमिनीत घालून पुढे दहा-पंधरा वर्षांचा हिशेब धरलेला असतो. गिऱ्हाईक उठून गेले की कुऱ्हाड लावण्यावाचून इलाज नाही. ज्वारीचे तसे नाही. बाजार पडला तर दाणा घरी खाता येतो, कडबा बैलापुढे टाकता येतो. कापूस मात्र ना खाता येतो, ना बैल खातो. म्हणून एकाधिकार खरेदीच्या वर्षांत सरकारला आपली मान पकडता आली. ज्या पिकाला एकच दार, त्या दाराची किल्ली कोणाकडे हे पेरणीच्या आधी पाहावे लागते.

इथून पाटसकडे जाताना रोटीला जी मोठी वाइनरी लागते, ती विजय मल्ल्यांच्या कंपनीने उभारली. हेच मल्ल्या १९९८ मध्ये कलकत्त्याच्या फुटबॉलमध्ये शिरले. ईस्ट बंगालच्या नावापुढे किंगफिशर आणि मोहन बागानच्या नावापुढे मॅकडॉवेल लागले. पुढे मल्ल्या कर्जे थकवून २०१६ मध्ये देशाबाहेर गेले, वाइनरी दुसऱ्यांच्या हाती गेली. पण ते दोन क्लब संपले नाहीत. १८८९ च्या मोहन बागानला आणि १९२० च्या ईस्ट बंगालला वर्गणी भरणारे सभासद आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रेक्षक आहे. २०२० मध्ये दुसऱ्या उद्योगपतीने मोहन बागानच्या नावापुढे आपल्या जुन्या संघाचे 'एटीके' हे नाव जोडले, तेव्हा समर्थकांनी सतत विरोध केला आणि २०२३ ला ती अक्षरे काढायला लावली. मालकाचा पैसा घेतला, पण आपले नाव त्याला पुसू दिले नाही.

एवढे लांब जायला नको असेल तर कोल्हापूर पाहा. पाटाकडील तालीम, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. पेठांनी आणि तालमींनी चालवलेले संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेची पेठ लोटते. भांडतातही जोरात, ते आम्हाला पसंत नाही. पण भांडण आपल्याच वस्तूसाठी होते. बालेवाडीला 'भारत' मिटला तेव्हा भांडायला कोण होते?

आपण बसलो आहोत त्या सणसरात आषाढी वारीला तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो. दिंडी चालते ती वारकऱ्यांच्या भिशीवर. अन्नदाते मिळतात, ट्रक मिळतात, ते घेतलेही जातात; पण उद्या एखादा दाता आला नाही म्हणून दिंडी घरी बसत नाही.

हे सगळे सांगायचे कारण संध्याकाळचा ठराव. कायदा २००३ पासून लागू आहे, गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या निघत आहेत. आपल्यालाही जिनिंगचे एक यंत्र आणि ज्वारी स्वच्छ करण्याची सोय हवी आहे. भांडवल घालायला तयार असलेले लोकही भेटतात. 'तुम्ही फक्त माल आणा, बाकी आम्ही पाहतो' असे गोड बोलणारे. भांडवलाला आमचा विरोध नाही. भांडवलाशिवाय चरकसुद्धा फिरत नाही. पण उत्पादक कंपनीत एका सभासदाला एक मत असते, आणि त्या मताला वजन तेव्हाच येते जेव्हा भाग आपल्या पैशाने घेतलेला असतो. दुसऱ्याने भरलेल्या भागावर सही करणारा सभासद कसा असतो, हे सहकारात आपण पुष्कळ पाहिले आहे. वार्षिक सभेला वडापाव खाऊन हात वर करणारा.

म्हणून आमची सूचना अशी. बाहेरचे कर्ज नंतर, आधी भाग. यंत्राचा निम्मा पैसा सभासदांकडून जमल्याशिवाय कोणाशी करार करायचा नाही. आणि करारात एक कलम हवेच : समोरच्याने हात काढला तर यंत्र आणि जागा कोणाकडे राहील. भाग किती रुपयांचा ठेवायचा यावर दोन मते आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याला दिवाळीआधी पाचशेही जड जातात, हे आम्हाला ठाऊक आहे. तीन हप्त्यांत घ्यावेत असे वाटते. कापूसवाल्यांचे म्हणणे आधी येऊ द्या, मग ज्वारीवाल्यांचे. पावतीपुस्तके या टेबलावर आहेत.