वकिलीच्या प्रवेशपरीक्षा आणि आपली मुले

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत मुलांना वाचावयास शिकविण्यात गेला. कायद्याचे शिक्षण मला नाही. परंतु विचार करता असे वाटले की, या परीक्षांच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे आणि ती चूक आपल्यापुढे मांडण्याचा अधिकार तरी मला निश्चित आहे. त्या चुकीपासून एखादे घर सावध झाले, तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

त्याआधी थोडी जुनी हकीकत सांगितली पाहिजे. आमचे वडील सोनारकाम करीत. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत त्यांची लहानशी पेढी होती. जागा दुसऱ्याची होती. १९६८ साली मालकाने एक कागद पुढे केला आणि वडिलांनी त्यावर सही केली. कागद इंग्रजीत होता. आमच्या घरात तो वाचणारे कोणी नव्हते. 'नेहमीचाच भाड्याचा कागद आहे' असे मालक म्हणाले आणि वडिलांनी विश्वास ठेवला. पुढे १९७१ साली जागा सोडण्याचा तगादा लागला. प्रकरण कोर्टात गेले तेव्हा उलगडा झाला की, त्या कागदात 'भाडे' हा शब्द नव्हताच. तेथे होता 'परवाना'. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण होते. नुसत्या परवान्यावर बसलेल्या माणसाला ते नव्हते. १९७३ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वेळी परवान्याने जागा वापरणाऱ्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. परंतु आमची पेढी तोवर हातची गेली होती. उरलेले आयुष्य वडिलांनी दुसऱ्याच्या पेढीवर कारागीर म्हणून काढले. एका शब्दाचा अर्थ न कळल्याने एका कुटुंबाची घडी कशी विसकटते, हे मी वयाच्या तेराव्या वर्षी पाहिले.

म्हणून माझ्या धाकट्या बंधूची मुलगी बारावीत असताना 'मला वकील व्हायचे आहे' असे म्हणाली, तेव्हा मला झालेला आनंद आपण समजू शकाल. घरात शिक्षक मी एकटा, तेव्हा सल्ला माझा घेतला गेला. मी सांगितले, "बारावीला उत्तम गुण मिळव. लॉ कॉलेजात गुणांवर प्रवेश मिळतो. निकाल लागला की पाहू." ही गोष्ट २०१७ सालची. मी सांगितले ते पूर्वी खरे होते. परंतु २०१६ सालापासून महाराष्ट्र शासनाने कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, सुरू केली होती. मला त्याची गंधवार्ताही नव्हती आणि चौकशी करण्याची बुद्धीही झाली नाही. निकाल लागला, गुण चांगले पडले, आम्ही गुणपत्रिका घेऊन कॉलेजात गेलो. तेथील कारकुनांनी विचारले, "सीईटी दिली आहे का?" अर्जाची मुदत केव्हाच टळली होती. मुलीचे एक वर्ष माझ्या अज्ञानामुळे वाया गेले. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

तेव्हा पालकहो, पहिली गोष्ट ही ध्यानात धरा. प्रवेशाची घाई निकालानंतर करावयाची नसते. ती निकालाच्या कितीतरी आधी करावयाची असते.

वकिलीच्या शिक्षणाचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. शाखेचे बंधन नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी पात्र ठरतो. मात्र सर्वसाधारण प्रवर्गाच्या विद्यार्थ्यास पात्रता-परीक्षेत किमान ४५ टक्के गुण असावे लागतात. आपल्या राज्यातील लॉ कॉलेजांत, म्हणजे १८५५ साली स्थापन झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा १९२४ सालचे पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय यांसारख्या संस्थांत, जावयाचे असेल तर राज्याची सीईटी द्यावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जावयाचे असेल तर 'क्लॅट' ही अखिल भारतीय परीक्षा आहे. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा निराळी आहे.

आता काळ पाहा. अलीकडे क्लॅट डिसेंबरात होते. म्हणजे बारावीची लेखी परीक्षा व्हावयाच्या आधीच ती होऊन जाते, आणि तिचे अर्ज त्याहून कित्येक आठवडे आधी बंद होतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची राज्य सीईटी साधारणतः बारावीनंतर एप्रिल-मेमध्ये होते, पण तिचे अर्जही बारावीच्या परीक्षेच्या आधीच सुटतात. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या संकेतस्थळावर स्वतः पाहाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये. मी विसंबलो होतो.

या दोन परीक्षांच्या स्वरूपात फरक आहे, तो नीट समजून घ्यावा. सध्या दोन्हींत १२० प्रश्न आणि दोन तासांचा अवधी असतो. म्हणजे प्रश्नामागे एक मिनिट, आणि वाचनाचा वेळ त्यातच धरलेला. इंग्रजी, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सर्वसाधारण तर्क आणि थोडे गणित हे विषय बारावीनंतरच्या दोन्ही परीक्षांत असतात. क्लॅट केवळ इंग्रजीत असते व ती कागदावर द्यावयाची असते. चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो, म्हणून तेथे अंदाजाने खुणा करीत सुटू नये. राज्याची सीईटी संगणकावर होते, तिचे प्रश्न मराठीतही असतात आणि चुकीबद्दल गुण कापले जात नाहीत. म्हणून तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे हातचे सोडून देणे होय. ज्या मुलाने संगणकाला कधी हात लावला नाही, त्याने परीक्षेआधी महिनाभर तरी त्यावर सराव करावा. तिथे गोंधळला तर येत असलेली उत्तरेही राहून जातात.

आता खऱ्या तयारीकडे वळू. आम्ही काका-पुतणी वर्षभर एकत्र बसलो, त्यातून मला जे उमगले तेच सांगतो. ही परीक्षा पाठांतराची नाही. ही वाचनाची परीक्षा आहे. २०२० सालापासून क्लॅटमध्ये तर सारे प्रश्न उताऱ्यांवरच विचारले जातात. उताऱ्यात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे ज्याला अचूक कळते तो पुढे जातो.

कायदेविषयक तर्काचेच उदाहरण घ्या. प्रश्नात एक तत्त्व दिलेले असते आणि एक प्रसंग. ते तत्त्व प्रसंगास लावावयाचे असते. पुतणीबरोबर वाचलेला एक खरा खटला सांगतो. लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद उच्च न्यायालय, १९१३. गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला. त्यांनी आपल्या मुनिमास त्याच्या शोधार्थ हरिद्वारकडे पाठविले. मागाहून त्यांनी जाहीर केले की, जो मुलास शोधून आणील त्यास ५०१ रुपये बक्षीस मिळेल. मुनिमाने मुलगा शोधला. पण शोधला त्या वेळी त्यास बक्षिसाची वार्ता नव्हती. पुढे त्याने बक्षिसासाठी दावा लावला. निकाल काय लागला असेल?

आमच्या घरी हा प्रश्न जेवताना निघाला. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बिचाऱ्याने मुलगा आणला ना? मग द्यायला नकोत का पैसे?" बंधूंचेही तेच मत पडले. मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. परंतु तत्त्व असे की, प्रस्ताव ठाऊक असल्याखेरीज त्याचा स्वीकार होऊ शकत नाही आणि स्वीकारावाचून करार होत नाही. शिवाय मुलास शोधणे हे त्याला नेमून दिलेले कामच होते. मुनीम हरला.

मुले येथेच चुकतात. ती प्रसंगातील दुःखी माणसाकडे पाहतात आणि तत्त्व विसरतात. मी पुतणीला म्हणालो, "तुझे आजोबा सोने कसाला कसे लावीत, ते आठव." गिऱ्हाईक अडचणीत आहे, डोळ्यांत पाणी आणून उभे आहे, म्हणून कसोटीच्या दगडावर बावीस कॅरटची रेघ चोवीस कॅरटची उमटत नाही. वडील गिऱ्हाइकाला पाणी देत, वेळप्रसंगी मजुरी सोडून देत, पण कस मात्र होता तोच सांगत. दिलेले तत्त्व ही कसोटी आणि प्रसंग हे सोने. आपली दया, आपला राग, आपण अन्यत्र वाचलेला कायदा, हे सारे त्या एका मिनिटापुरते बाजूला ठेवावयाचे. आपल्या ज्ञातीच्या मुलांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजावी, असे मला वाटते.

रोजचा अभ्यास आम्ही असा ठेवला होता. सकाळी एका इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख मोठ्याने वाचावयाचा आणि त्याचा सारांश मराठीत चार वाक्यांत सांगावयाचा. सांगता आला नाही तर पुन्हा वाचावयाचा. आरंभी एका लेखास तास लागे. दिवाळीपर्यंत वीस मिनिटांत होऊ लागले. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीला घाबरून जाऊ नये, पण तिला टाळूही नये. परीक्षा मराठीत देता आली, तरी इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच असतात. दुपारी तर्क व गणित. टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा यांची शालेय पुस्तकांतील उदाहरणे पुनःपुन्हा सोडवावीत. रात्री भारताचे संविधान. ते मराठीतही मिळते. त्यातील उद्देशिका, मूलभूत हक्कांचे अनुच्छेद १२ ते ३५ आणि मार्गदर्शक तत्त्वांचे अनुच्छेद ३६ ते ५१ शांतपणे वाचावेत. आठवड्यातून एकदा जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी.

याहूनही उपयोगी पडली ती चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीन कारणांपैकी एक लिहावयाचे: माहिती नव्हती, घाई झाली, की वाचले निराळे आणि समजले निराळे. महिन्याच्या अखेरीस आम्ही वही चाळली, तेव्हा तिसरे कारणच सर्वाधिक भरले. अभ्यासाचा रोख कोठे ठेवावा हे त्या वहीने सांगितले.

एक सूचना पुस्तकांविषयी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचेही नवे कायदे आले आहेत. म्हणून थोरल्या भावाची जुनी पुस्तके जशीच्या तशी धाकट्याच्या हाती देऊ नका. खाजगी वर्गांविषयीही बोलले पाहिजे. ज्यांना परवडेल त्यांनी अवश्य लावावेत. परंतु त्यासाठी घरातील दागिना गहाण ठेवू नका. वर्तमानपत्र, संविधान, जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक वही एवढ्या साहित्यावर पुष्कळ काम होते.

परीक्षा झाली म्हणजे संपले, असेही नाही. राज्याच्या सीईटीनंतर केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत पुन्हा नाव नोंदवावे लागते आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. ते न केल्यास चांगले गुण असूनही जागा मिळत नाही. अधिवास, प्रवर्ग, उत्पन्न इत्यादींचे जे दाखले आपणांस लागू असतील, ते आदल्या वर्षीच काढून ठेवावेत.

आता आमच्या मुलीचे काय झाले ते सांगून संपवितो. २०१८ साली तिने दोन्ही परीक्षा दिल्या. क्लॅटमध्ये तिचा निभाव लागला नाही. हे लपविण्याचे कारण नाही. राज्याच्या सीईटीत मात्र तिला बरे गुण मिळाले व पुण्यात प्रवेश झाला. २०२३ साली ती पदवीधर झाली, त्यानंतर वकिली करण्यासाठी आवश्यक असलेली अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण झाली, आणि आज आमच्याच तालुक्याच्या न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम शिकते. सनद मिळाली त्या दिवशी मी ट्रंकेतून वडिलांचा १९६८ चा कागद काढून तिच्या हाती दिला. तिने पहिला परिच्छेद वाचला, एका शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाली, "काका, हे आजोबांना त्या दिवशी कोणी वाचून दाखवायला हवे होते."

माझी मंडळास एकच विनंती आहे. आपल्या कार्यालयात एक फळा लावावा आणि त्यावर या परीक्षांच्या अर्जांच्या तारखा दरवर्षी ठळक अक्षरांत लिहाव्यात. दर रविवारी सकाळी दोन तास वाचनासाठी सभागृह उघडे ठेवावे. एक इंग्रजी वृत्तपत्र मी माझ्या निवृत्तिवेतनातून चालू करीन व मुलांबरोबर स्वतः बसेन. कायदा शिकविणे मला जमणार नाही. वाचावयास शिकविणे मात्र मी जन्मभर केले आहे.