रेवदंड्यापर्यंत पायी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आज जो तो विचारतोय, "सध्या काय करतेस?" खरं सांगते. बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि गेल्या वर्षी कंपनीने कपात केली, त्यात माझं नाव होतं. महिनाभर मी कुणाचा फोन घेतला नाही. शेवटी आपल्या वर्गातल्या तिघी घरी आल्या आणि मला पहाटे खोपटच्या एसटी स्टँडवर घेऊन गेल्या.

अलिबागला उतरून रिक्षाने अक्षीला गेलो. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. पुढे नागावला किनाऱ्यावर उतरलो आणि ओहोटी साधून रेवदंड्याकडे चालू लागलो. उजवीकडे समुद्र, डावीकडे सुरूची झाडं, त्यांच्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. एकीचा गुडघा दुखतो, म्हणून सगळ्यांची चाल तिची. नोकरीबद्दल कुणीच विचारलं नाही. तासाभराने मीच बोलायला लागले.

चौल-रेवदंडा हे एके काळचं मोठं बंदर. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये. म्हणजे हा त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी! त्याचं स्मारक रेवदंड्यात चक्क एका शाळेच्या आवारात आहे. पोर्तुगीजांच्या कोटाची तटबंदी अजून दिसते. सातखणी मनोऱ्याचे चार मजले उरलेत. १७४० मध्ये हा कोट मराठ्यांकडे आला. पुढे मुंबई वाढली आणि इथला व्यापार तिकडे गेला.

मनोऱ्याखाली डबे उघडले, तेव्हा गुडघेवाली म्हणाली, "बंदर गेलं गं, पण गाव आहेच की. वाड्या आहेत, मासळी आहे, शाळा भरतेय." ती इतिहासाबद्दलच बोलत होती की नाही, हे मी विचारलं नाही.

आता एका छोट्या कंपनीत काम करते. पगार कमी आहे, पण संध्याकाळी घरी असते.

येत्या जानेवारीत पुन्हा जायचंय. सर, बाई, तुम्हीही चला, चाल तुमची. ओहोटीची वेळ बघून तारीख ग्रुपवर टाकते. आणि आपल्यापैकी कुणी फोन घेईनासं झालं असेल, तर त्याला घरी जाऊन घेऊन या.