ऐश नेमकी कशाची?

निवृत्तीनंतर एकच परदेशवारी करायची, पण ती झोकात, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. ठिकाण अंगकोर वाट. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं कंबोडियात बांधलेलं विष्णूचं भव्य मंदिर. जवळच्या सिएम रीप गावात १९३२ साली सुरू झालेलं एक ऐटबाज हॉटेल आहे. मी आधी त्याचेच दर काढले. सौ. म्हणाली, "एवढं खर्चून खोलीतच बसायचंय का?"

मग हिशेब नव्यानं मांडला. एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२; आणि हे तीन दिवस दहा दिवसांत सवडीनं वापरता येतात. हिचे गुडघे दुखरे, एक दिवसाआड विश्रांती हवीच. तेव्हा खोली साधी घेतली, मुक्काम वाढवला आणि स्वतंत्र गाडी, जाणकार गाइड ठरवला.

मंदिराचा सर्वांत वरचा मजला बौद्धांच्या पवित्र तिथींना बंद असतो. अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या टाळायला चक्क भिंतीवरचं पंचांग उतरवलं!

वरच्या उभ्या पायऱ्या मी एकटाच चढेन. ही खाली पूर्वेच्या ओवरीत, समुद्रमंथनाच्या जवळजवळ ४९ मीटर लांब शिल्पपटासमोर थांबेल. "वासुकी शेपटीपासून तोंडापर्यंत निवांत बघणार," म्हणते, "मला कुणी घाई करायची नाही."

आमच्या सहलीतली खरी ऐश तीच.